पन्नाशीच्या गृहस्थाने कोणतं गाणं म्हणावं?

जपानमध्ये कराओकेला जाणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांसाठी जुन्या गाण्यांच्या याद्या ढिगाने निघतात. ही म्हणा म्हणजे तरुण सहकारी कंटाळणार नाहीत, ही म्हणा म्हणजे वय उघडं पडणार नाही, ही गायला सोपी... मुलगी टोकियोत असते आणि निवृत्तीनंतर पुण्यात थोडंफार जपानी शिकलो, त्यामुळे अडखळत का होईना, अशा याद्या मी वाचतो. आणि वाचताना प्रत्येक वेळी तेच मनात येतं. समोरच्याला काय आवडेल याची एवढी काळजी, पण गाणाऱ्याला काय आठवतंय हे विचारायचं कुणालाच सुचत नाही. आठवणीचं गाणं म्हणायचं आणि आठवण मात्र दुसऱ्यांच्या सोयीची, हा कुठला न्याय?

थोडं मागे जाऊ. (मास्तरकीची सवय, सोसून घ्या.) कराओके म्हणजे रिकामा वाद्यवृंद. ‘कारा’ म्हणजे रिकामा, ‘ओके’ म्हणजे ऑर्केस्ट्राचं जपानी तोंडात झालेलं लघुरूप. कोबे शहरात बारमध्ये वाद्य वाजवणारे दाइसुके इनोउए यांनी १९७१ साली नाणं टाकून चालणारं यंत्र केलं आणि बारना भाड्याने दिलं. पेटंट घेतलंच नाही. २००४ साली त्यांना गमतीचा इग नोबेल पुरस्कार मिळाला, तोही शांततेचा! लोकांना एकमेकांना सहन करायला शिकवलं म्हणून. ते २०२४ साली वारले.

म्हणजे हे यंत्र मुळात बारमध्ये, दिवसभर राबून आलेल्या कारकून-अधिकाऱ्यांपुढे ठेवलं गेलं. ते आधी त्यांचं आहे, तरुण पोरं मागून आली.

आता गाण्यांकडे येऊ. इथे साध्या वजाबाकीचा प्रश्न आहे, पण बरेच जण तो करतच नाहीत. ‘मध्यमवयीन’ म्हटलं की त्यांना एन्का आठवतं, म्हणजे ते हेलकावे घेत म्हटलेलं, गाव, बंदर, पाऊस आणि दारू यांचं गाणं. पण १९७५ साली जन्मलेला माणूस आज पन्नाशीत आहे. माणसाच्या मनात जी गाणी घट्ट बसतात ती साधारण चौदा ते वीस या वयातली. म्हणजे त्याची गाणी १९८९ ते १९९५ मधली. एन्का त्याच्या वडिलांचं.

वडिलांचं म्हणजे कसं? हाचिरो इझावा यांचं उएनो स्टेशनावरचं गाणं १९६४ चं. त्या काळात ईशान्य जपानच्या खेड्यांतून पंधरा वर्षांची मुलं शाळा संपली की खास गाड्यांनी झुंडीने टोकियोला कामाला येत. कारखानदार त्यांना ‘सोन्याची अंडी’ म्हणत. उतरायचं स्टेशन उएनो. त्या गाण्याचं स्मारक आज त्या स्टेशनाजवळ आहे. त्या मुलांपैकी जे आहेत ते आता माझ्या वयाचे. ते गाणं पन्नाशीच्या अधिकाऱ्याने केवळ ‘जुनं आहे’ म्हणून म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या आजीच्या आठवणीने रडण्यासारखं आहे.

मग त्या पन्नाशीतल्याचं स्वतःचं काय? इथे जरा थांबावंसं वाटतं. शेअरबाजाराचा निक्केई निर्देशांक १९८९ च्या शेवटच्या व्यवहाराच्या दिवशी शिखरावर होता, तिथे परत पोचायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. चौतीस वर्षं! मधल्या काळात, साधारण १९९३ ते २००५ या वर्षांत, जी मुलं पदवी घेऊन बाहेर पडली त्यांच्या नशिबाला जपानी लोक ‘नोकऱ्यांचं हिमयुग’ म्हणतात. तिकडे कंपन्या नवे पदवीधर दर एप्रिलला एकदमच घेत. ती गाडी चुकली की चुकलीच. कित्येक जण आयुष्यभर कंत्राटी राहिले, लग्नं झाली नाहीत.

आणि त्यांची गाणी ऐका! एकजात उमेदीची. ‘झार्ड’चं ‘माकेनाइदे’ १९९३ च्या जानेवारीतलं. हार मानू नकोस, असा त्या शब्दाचा अर्थ. परीक्षेला बसणाऱ्यांना, मॅरेथॉन धावणाऱ्यांना अजून ते गाणं लावतात. पण ते गाणाऱ्या इझुमी साकाई २००७ साली गेल्या, अवघ्या चाळिसाव्या वर्षी. हे सगळं माहीत असलेला माणूस पन्नाशीत ते गातो तेव्हा त्याच्या मनात काय चालत असेल? यादीवाले मात्र लिहितात, ‘उत्साहवर्धक, सगळे टाळ्या धरतात.’

एका गाण्याबद्दल माझं मत जरा कडवट आहे. मियुकी नाकाजिमा यांचं ‘चिजो नो होशी’, म्हणजे जमिनीवरचे तारे. २००० साली एनएचके वाहिनीवर अज्ञात अभियंत्यांच्या कामगिरीवर एक मालिका सुरू झाली, तिचं हे शीर्षकगीत. गाणं फार मोठं आहे, प्रश्नच नाही. २००२ च्या वर्षअखेरच्या कार्यक्रमात त्यांनी ते कुरोबे धरणाच्या परिसरातून गायलं आणि प्रसिद्ध झाल्यावर दोन वर्षांहून अधिक काळाने ते विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेलं. पण आजकाल ज्याला त्याला ते म्हणायचं असतं. ज्याने उभ्या हयातीत फाइली पुढे सरकवल्या त्यानेही धरण बांधल्याच्या आविर्भावात म्हणावं, हे मला बघवत नाही. असो.

गेल्या खेपेला जावयाच्या ऑफिसातल्या मंडळींबरोबर एका लहानशा ‘स्नॅक’मध्ये गेलो होतो. स्नॅक म्हणजे खाऊ नव्हे, तर एखादी प्रौढ मालकीण चालवते तो आठ-दहा खुर्च्यांचा बार. तिथले एक वरिष्ठ, अठ्ठावन्न वर्षांचे, अगदी अबोल. एका तरुणाने गाणी निवडायची पाटी त्यांच्यापुढे धरून म्हटलं, ‘साहेब, हे म्हणा, हे सगळ्यांना येतं.’ त्यांनी मान हलवली आणि सायुरी इशिकावा यांचं त्सुगारू सामुद्रधुनीचं गाणं लावलं. १९७७ चं, बाईचं, एन्का. वजाबाकीत बसत नाही, तेव्हा ते दहा वर्षांचे असतील. पट्टी चारने उतरवली आणि पडद्याकडे न बघता गायले.

नंतर मी विचारलं. म्हाताऱ्या परदेशी माणसाला असं विचारायची मुभा असते. ते हाकोदातेचे निघाले. आओमोरीहून समुद्र ओलांडून हाकोदातेला जाणाऱ्या रेल्वेच्या बोटींवर त्यांचे वडील कामाला होते. ते स्वतः १९८५ साली त्याच बोटीने शिकायला टोकियोकडे निघाले. १९८८ च्या मार्चमध्ये समुद्राखालचा सेइकान बोगदा सुरू झाला आणि त्याच दिवशी नेहमीच्या बोटी बंद झाल्या. वडिलांना दुसरीकडे नेमणूक मिळाली, पण समुद्र गेला. ‘घरी बोलायचे नाहीत ते यावर,’ एवढंच म्हणाले. ते गात होते तेव्हा पाटीवाला तरुण पुढचं गाणं शोधत होता. शोधू दे की! ऐकण्याची सक्ती नसते, ही तर कराओकेची सभ्यता आहे.

गाणाऱ्यानेही काही पथ्यं पाळावीत, हे मान्य. एका बैठकीत असं एकच गाणं. आधी प्रस्तावना नको. दुसऱ्याचं ‘जुहाचिबान’ घेऊ नये. या शब्दाचा अर्थ अठरावा क्रमांक, म्हणजे आपलं हुकमी गाणं. काबुकी नाटकांतल्या इचिकावा घराण्याच्या अठरा ठेवणीतल्या नाटकांवरून तो आला, असं सांगतात. आणि यंत्राची गुण देण्याची सोय बंद करावी. छत्तीस वर्षं मी मुलांना गुण देत आलो, तेव्हा हे जरा अधिकाराने सांगतो. बापाच्या बोटीला शंभरपैकी ब्याऐंशी? पट्टी उतरवण्यात मात्र काही कमीपणा नाही. आमच्या पुण्यात निवृत्तांचे कराओके गट आहेत, तिथे किशोरकुमारला मूळ पट्टीत गाठायच्या हट्टापायी होणारे हाल मी पाहिलेत.

आता जावई. तोही पंचेचाळिशीला आलाय. डिसेंबरात बोनेन्काई, म्हणजे सरत्या वर्षाला निरोप देण्याची ऑफिसची मेजवानी. ‘बाबा, मी कोणतं म्हणू? माझ्या जपानी आठवणी कुठल्या?’ मी विचारलं, तू उतरलास तेव्हा काय वाजत होतं? तो २००४ साली गेला. त्या वर्षी केन हिराई यांचं ‘हितोमी ओ तोजिते’ हे सिनेमातलं गाणं देशभर गाजत होतं. खोलीखालच्या दुकानात रात्री भाताचे गोळे घ्यायला जायचा तेव्हा ते कानावर पडायचं. एक शब्द कळत नसे. दोन वर्षांनी भाषा आली आणि ते मेलेल्या प्रेयसीबद्दल आहे हे समजलं तेव्हा तो फार हसला होता, कारण त्याला ते ऐकून कायम भूक लागायची.

तेच म्हणणार आहे. स्वर फार वर जातो, म्हणून पट्टी तीनने उतरवून सराव चाललाय. मुलगी म्हणते, चार.