कुलपाचे वजन

एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने 1956 साली अॅमस्टरडॅमच्या एका कॅफेत बसल्या बसल्या वीसेक मिनिटांत जवळच्या वाटेचे गणित सोडवले. आग लागलेल्या इमारतीतून माणसे बाहेर काढायला आज तेच गणित कामी येते. खोल्या, वळणे, जिने हे बिंदू. त्यांना जोडणाऱ्या वाटा या रेघा. आणि रेघ ओलांडायला जितके सेकंद लागतील तितके तिचे वजन. धूर भरला, गर्दी तुंबली की वजन वाढवायचे आणि काहींना मुद्दाम लांबच्या जिन्याकडे वळवायचे. संगणकाला हे क्षणाचे काम.

पण त्याला नकाशा देणार आपण, आणि आपला नकाशा धादांत खोटा असतो. मंजूर नकाशातल्या रुंद जिन्यावर प्रत्यक्षात चपलांचे कपाट, दोन सायकली, गेल्या गणपतीचे मखर आणि कुणाचा तरी मोडका कूलर. गच्चीला कुलूप, किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी गावाला. गणितात बंद दाराचे वजन अनंत धरतात; आपण त्याला सुरक्षितता म्हणतो. चोराची एवढी धास्ती, धुराची मात्र मुळीच नाही!

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी आगीत 59 माणसे मेली. बाल्कनीत जादा खुर्च्या बसवण्यासाठी उजवीकडची वाट बुजवली होती. मुंबईत कमला मिलच्या आवारात डिसेंबर 2017 मध्ये 14 जण गेले. त्यांतले बरेचसे स्वच्छतागृहात गुदमरलेले सापडले. धुरात जे दार हाताशी आले, तीच त्यांची जवळची वाट ठरली.

कायदा नाही असे नाही. महाराष्ट्राचा अग्निप्रतिबंधक कायदा 2006 चा आहे. आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. तो जिने चढून, पंप चालवून घेतला, की टेबलावरच सही झाली, हे विचारणारा सभासद एखादाच. आणि विचारलेच तर तो ‘कटकट्या’. वार्षिक सभेत भिंतीच्या रंगावर दोन तास वाद घालणारे आपण, मॉक ड्रिल मात्र ‘आयत्या वेळच्या विषयां’त ढकलतो आणि चहा आला की सभा संपवतो.

उपहारच्या मालकांना न्यायालयाने दोषी ठरवले. तेव्हा त्यांना शिव्या घालायला आपण सगळे होतो. आपल्या मजल्यावर वाट अडवून बसलेले कपाट ज्यांचे आहे, त्यांना आपणच गेल्या सभेत हात वर करून कमिटीवर निवडून दिले आहे.