काँक्रीटवर नास्तिकतेचा आळ

२०२२ साली युक्रेनमधील खारकीव्ह शहराच्या साल्तिव्का वसाहतीवर तोफगोळे पडले. सोव्हिएत काळात उभारलेल्या तेथील काँक्रीटच्या इमारतींची जळकी छायाचित्रे पाहून आमच्या परिचयातील एक सद्गृहस्थ उद्गारले, "नास्तिकांनी बांधलेली खुराडी ती! गेली तर काय बिघडले?" त्या खुराड्यांत माणसे राहत होती, हे तर आहेच, पण त्यांचा मूळ निवाडाही मला मान्य नाही.

देवद्वेषाची वास्तू पाहायचीच असेल, तर सद्गृहस्थांनी स्टालिनची राजवट पाहावी. १९३१ मध्ये मॉस्कोतील तारणाऱ्या ख्रिस्ताचे महामंदिर सुरुंग लावून पाडले गेले. त्या जागी योजलेला सोव्हिएत प्रासाद रूक्ष पेटी नव्हता. स्तंभांच्या उतरंडीवर लेनिनचा अजस्र पुतळा, असा तो थाट होता. प्रासाद झालाच नाही. महामंदिर मात्र पुन्हा उभे राहिले, २००० मध्ये त्याचा अभिषेक झाला. आणि त्याच्या संगमरवराआडचा सांगाडा आहे काँक्रीटचा!

उघड्याबोडक्या इमारतींचे युग आले ते नंतर. डिसेंबर १९५४ मध्ये ख्रुश्चॉव्ह यांनी बांधकाम क्षेत्रातील मंडळींच्या परिषदेत नक्षीच्या उधळपट्टीवर कोरडे ओढले. कारखान्यात भिंती ओतायच्या आणि जागेवर जोडायच्या, हा मार्ग ठरला. त्यासाठी पद्धत कोणाची घेतली? फ्रेंच अभियंते रेमों काम्यू यांची! भांडवलशाही फ्रान्सने युद्धोत्तर घरटंचाईवर काढलेला तोडगा सोव्हिएत संघाने विकत घेतला. त्यातून निघालेल्या बिनलिफ्टच्या पाचमजली रांगा कंटाळवाण्या आहेत, हे कबूल. परंतु एकाच स्वयंपाकघरात अनेक बिऱ्हाडांशी वाटणी करून राहिलेल्या गृहिणीच्या हाती प्रथमच स्वतःच्या दाराची किल्ली आली, ती याच रांगांत.

साम्याचे म्हणाल, तर बॉस्टनचे १९६८ चे नगरभवन रातोरात मिन्स्कला नेऊन ठेवले, तर कोणाची भुवईदेखील उंचावणार नाही. तिबिलिसीचे १९७५ चे महामार्ग मंत्रालय म्हणजे एकमेकींवर आडव्या रचलेल्या पेट्या. माँट्रियलमध्ये १९६७ सालीच 'हॅबिटॅट' या गृहसंकुलात घरांच्या पेट्या अशाच रचल्या होत्या. ज्या ल कॉर्बुझिए यांनी मॉस्कोत त्सेन्त्रोसोयूझ या सहकारी संघाचे कार्यालय रेखाटले, त्यांनीच फ्रान्समध्ये डॉमिनिकन व्रतस्थांसाठी ला तुरेतचा मठ बांधला, तोही उघड्या काँक्रीटचा. त्या व्रतस्थांची प्रार्थना त्या भिंतींनी अडली काय?

आणि पोलंडमधील नोवा हुता? कम्युनिस्ट सत्तेने चर्चविना आखलेले ते पोलादनगर. चर्चसाठी नेमलेल्या जागेवरचा क्रूस हटवू नये म्हणून १९६० मध्ये कामगार रस्त्यावर उतरले, त्यांनी लाठ्या खाल्ल्या. पुढे परवानगी मिळाली. स्वयंसेवकांच्या हातांनी तारवाच्या आकाराचे चर्च उभे राहिले. बाहेरून नदीचे गोटे, आत काँक्रीट. वळण कॉर्बुझिए यांच्याच रोंशाँच्या प्रार्थनामंदिराची आठवण करून देणारे. १९७७ मध्ये त्याचा अभिषेक केला तो क्राकूवचे आर्चबिशप कार्डिनल कारोल वोयतिला यांनी, म्हणजेच पुढच्या वर्षी पोप झालेल्या जॉन पॉल दुसरे यांनी. काँक्रीट पाहून ते दाराशी थबकल्याचे ऐकिवात नाही.

हे सारे सांगितल्यावर सद्गृहस्थ म्हणाले, "तरी कुरूपच!" असेल. त्याबद्दल माझे भांडण नाही. फक्त मग बॉस्टनलाही कुरूप म्हणा, आणि जर्मनीत नेविगेसला गॉटफ्रीड ब्योम यांनी १९६८ मध्ये उभारलेल्या मारियामातेच्या काँक्रीटच्या तीर्थमंदिरालाही.