कुलूप नको, कडी आतून हवी

प्रति,
मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका,
शिवाजीनगर, पुणे

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक, पुणे महानगर परिवहन महामंडळ (पीएमपी), स्वारगेट, मा. आरोग्य प्रमुख, पुणे महानगरपालिका

दिनांक : १ ऑगस्ट २०२५

विषय : शहरातील स्तनदा मातांना बसायला जागा, कामातून वेळ आणि बाळंतपणानंतर जाणकार मदत मिळण्याबाबत.

महोदय,

आजपासून जागतिक स्तनपान सप्ताह सुरू होत आहे. दर वर्षी १ ते ७ ऑगस्टला प्रसूतिगृहांत रांगोळ्या निघतात, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात, आईचे दूध अमृत असल्याची भाषणे होतात. ते अमृत असल्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण ते पाजायला बसायचे कुठे, कामावरून तेवढा वेळ देणार कोण आणि घरी गेल्यावर छातीत गाठी आल्या तर विचारायचे कोणाला, हे प्रश्न भाषणांत राहून जातात. हे निवेदन त्या प्रश्नांपुरतेच आहे. खाली सह्या करणाऱ्यांत हिंजवडीला नोकरीला जाणाऱ्या आहेत, धुणीभांडी करणाऱ्या आहेत, पहाटे रस्ते झाडणाऱ्या आहेत आणि काही सासवाही आहेत.

रायगडच्या हिरकणीची कथा आपणांस सांगायला नको. कोजागरीच्या संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले, तान्ह्या बाळासाठी ती कडा उतरून गेली, आणि महाराजांनी तिथे बुरूज बांधला. तिच्याच नावाने राज्यात बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष सुरू झाले. आम्हांला बुरूज नको आहे. दरवाजा उघडा हवा आहे.

शहरातल्या एका गर्दीच्या बसस्थानकावर आमच्यातल्या एकीने कक्ष शोधला, तर पाटी होती आणि दाराला कुलूप होते. किल्ली ज्यांच्याकडे असते ते साहेब जेवायला गेले होते. दुसऱ्या एका ठिकाणी कक्षात झाडू, फिनेलचे डबे आणि कुठल्याशा कार्यक्रमाचे फ्लेक्स रचलेले होते. ही रड फक्त पुण्याची नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या विधानभवनात आमदार सरोज अहिरे आपल्या काही महिन्यांच्या बाळाला घेऊन अधिवेशनाला आल्या, तेव्हा तिथल्या हिरकणी कक्षातली धूळ पाहून त्यांना जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली. कायदे होतात त्या इमारतीत ही तऱ्हा, तर बसस्थानकावरच्या बाईने कोणाकडे बोलावे?

मागण्यांआधी एक जुनी गोष्ट नोंदवतो. आमच्या आया-आज्यांनी लाल एसटीत, मंडईत भाजीच्या ढिगाशेजारी, शेताच्या बांधावर पदराआड बाळे पाजली आणि कोणाला त्याचे काही वाटले नाही. नऊवारी-पाचवारीचा पदर हीच त्यांची खोली होती. आता अंगावर कुर्ता असतो, जीन्स असते, आणि बघणाऱ्यांच्या नजराही बदलल्या आहेत. म्हणून खोली लागते. परंतु खोली आहे म्हणून बाकावर बसून पाजणाऱ्या बाईला "मॅडम, इथे नको" म्हणायचा अधिकार कोणाला मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'मातृ स्पर्श' या याचिकेवर निकाल देताना सार्वजनिक ठिकाणी स्तनपान करण्यात लाजिरवाणे काही नाही हे स्पष्ट केले आहे. असलेल्या सार्वजनिक इमारतींत शक्य तिथे आणि नव्या इमारतींत आराखड्यापासूनच अशी जागा ठेवावी, अशी अपेक्षाही त्यात आहे. तमिळनाडूने २०१५ मध्येच बसस्थानकांवर अशा खोल्या सुरू केल्या होत्या.

आमच्या मागण्या अशा :

१. जागा. महापालिकेची मुख्य इमारत, पंधराही क्षेत्रीय कार्यालये, महापालिकेची रुग्णालये, मोठी उद्याने, नाट्यगृहे, मंडई आणि पीएमपीची प्रमुख स्थानके येथे हिरकणी कक्ष असावा, आणि ते ठिकाण जितका वेळ उघडे तितका वेळ तोही उघडा असावा. त्याला बाहेरून कुलूप नको, आतून कडी हवी. पाठ टेकता येईल अशी खुर्ची, पंखा, उजेड, हात धुवायला पाणी, झाकणाचा कचराडबा आणि दूध काढायचा पंप लावण्यासाठी विजेचा एक पॉइंट एवढे पुरे. स्वच्छतागृहाचा कोपरा कापून हा कक्ष काढू नये. भिंतीवर कोणाचा फोटो आणि दाराशी कोनशिला नसली तरी चालेल. त्याऐवजी देखभालीची जबाबदारी असलेल्या कर्मचाऱ्याचे पदनाम आणि फोन क्रमांक दारावर लिहावा. नवे मॉल, मंगल कार्यालये आणि व्यापारी इमारतींना बांधकाम परवानगी देताना नकाशात ही खोली दाखवण्याची अट घालावी. उद्यानांतील आणि स्थानकांवरील सुरक्षारक्षकांना, पीएमपीच्या वाहकांना लेखी सूचना द्यावी, की पाजत बसलेल्या बाईला उठवायचे नाही आणि बाळ घेऊन चढलेल्या बाईला महिलांच्या राखीव जागेवर आधी बसवायचे.

२. वेळ. इथे आम्ही महापालिकेशी एक मालक म्हणून बोलत आहोत. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर व दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा बंधनकारक झाली. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्या हा हक्क तर मूळ कायद्यातच आहे. कागदावर हे सगळे ठीक. आता हिशोब पाहा. या २६ आठवड्यांतले आठ बाळंतपणाआधी घेतले तर बाळ १८ आठवड्यांचे असताना आई कामावर परत येते, म्हणजे पुरते साडेचार महिन्यांचेही झालेले नसते. सहा महिने फक्त आईचे दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आणि आपल्याच प्रसूतिगृहांच्या भिंतींवरचा सल्ला. उरलेले दीड-दोन महिने तो पाळायचा तर कामाच्या जागी सोय लागतेच.

ही झाली कायम नोकरीतली गोष्ट. कंत्राटी सफाई कामगार सकाळी सहाला आरोग्य कोठीत हजेरी लावते, तेव्हा बाळ झोपलेले असते. नऊच्या सुमारास छाती दगडासारखी होते, ब्लाऊज भिजतो, आणि ती मुकादमाला काय सांगणार? बहुतेक जणी काही सांगत नाहीत. दोन-तीन आठवड्यांत दूध आटते आणि मग शेजारपाजारच्या म्हणतात, "हिला दूधच कमी." दूध कमी नव्हते, दर काही तासांनी काढले किंवा पाजले नाही, तर शरीर ते करणे थांबवते. म्हणून प्रत्येक आरोग्य कोठीत आडोशाची एक जागा द्यावी, पंधरा महिन्यांखालचे बाळ असलेल्या कामगाराला घराजवळचा रस्ता नेमून द्यावा, आणि दोन सुट्यांचा हक्क कंत्राटदाराच्या करारात अट म्हणून लिहावा. न पाळल्यास बिलातून कपात, हेही त्यातच लिहावे. महापालिकेच्या मुख्य इमारतीत आणि क्षेत्रीय कार्यालयांत पाळणाघर सुरू करावे. धुणीभांडी करणाऱ्या बायकांचा कोणी एक मालक ठरत नाही, त्यामुळे कायदा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यांच्यासाठी वस्तीतल्या अंगणवाडीत सकाळच्या वेळी तान्ह्या बाळांची सोय करता येईल का, हे महिला व बालविकास विभागाशी बोलून ठरवावे. आज ती बाळे आठ-दहा वर्षांच्या थोरल्या बहिणींच्या कडेवर असतात, आणि त्या मुलींची शाळा बुडते.

३. मदत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली बाळे सुमारे ५३ टक्के निघाली, आणि सहा महिन्यांखालच्या बाळांत निव्वळ स्तनपानाचे प्रमाण सुमारे ७१ टक्के. याचा अर्थ आम्ही असा लावतो, की आई घरी धडपडून जे जमवते, ते पहिल्या तासात, डॉक्टर-सिस्टरांच्या देखत अनेकदा होत नाही.

होत नाही कारण तिथे बसून दाखवायला कोणाला वेळ नसतो. "पाजा, पाजा" असे सगळे सांगतात, कसे ते कोणी दाखवत नाही. बाळाने फक्त स्तनाग्र नव्हे, भोवतीचा काळसर भागही तोंडात घ्यायला हवा, हनुवटी छातीला टेकायला हवी, दुखत राहिले तर पकड चुकली आहे असे समजून बोटाने सोडवून पुन्हा लावावे, हे एकदा हात धरून दाखवले तर भेगा पडत नाहीत. सिझेरियन झालेलीला टाके दुखतात. तिला कुशीवर झोपून किंवा बाळ काखेखाली धरून पाजता येते. पहिले दोन-तीन दिवस घट्ट, पिवळसर चीकदूध येते ते थोडेच असते आणि तेवढेच लागते. मध, साखरपाणी, गुटी यांतले काही नको. बाळाचे वजन सुरुवातीला थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येते. हे माहीत नसले, की पाचव्या दिवशी काट्यावर ठेवून घरात रडारड होते आणि डबा आणला जातो. दूध पुरते आहे की नाही हे ओळखायची खूण साधी आहे : पहिला आठवडा सरल्यावर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी आणि वाढते वजन. बाळ रडते ही खूण नव्हे. बाळे अनेक कारणांनी रडतात. गाठी आल्या तर पाजणे बंद करायचे नाही, उलट त्या बाजूने पाजत राहायचे, हाताने थोडे दूध काढायचे. ताप आणि लाली आली तर डॉक्टरकडे जायचे. कामावर जाणारीने काढलेले दूध झाकणाच्या स्वच्छ भांड्यात चार तास बाहेर राहते, पुण्याच्या उन्हाळ्यात त्याहून कमी, आणि ते बाटलीपेक्षा वाटी-चमच्याने पाजणे बरे.

अळिवाचे आणि डिंकाचे लाडू बाळंतिणीला जरूर मिळावेत. त्यांच्याबद्दल आमची तक्रार असण्याचे कारण नाही. पण लाडू खाऊनही दूध आले नाही म्हणून जिला नावे ठेवली जातात, तिला कोणी सांगत नाही की पान्हा मुख्यतः बाळाच्या ओढण्याने वाढतो, आणि रात्रीच्या पाजण्याला त्यात मोठा वाटा आहे.

म्हणून कमला नेहरू, सोनवणे, राजीव गांधी, सुतार आणि महापालिकेच्या अन्य सर्व प्रसूतिगृहांत प्रशिक्षित स्तनपान समुपदेशक पूर्णवेळ नेमावी, रात्रपाळीतही. घरी सोडल्यावर पहिल्या पंधरवड्यात आशाताईंनी किमान दोनदा यावे आणि नुसती नोंद न करता पाजताना पाहावे. मराठी आणि हिंदीत बोलणारी एक दूरध्वनी सेवा असावी. अडचण रात्री दोनला येते, बाह्यरुग्ण विभाग सकाळी नऊला उघडतो.

४. दुग्धपेढी. आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. ते रुग्णालय मुंबई महापालिकेचे आहे, हे मुद्दाम लक्षात आणून देतो. पुण्यात ससून रुग्णालयात अशी पेढी आहे. दात्या आईची रक्ततपासणी, ६२.५ अंश सेल्सिअसला तीस मिनिटे तापवणे, मग गोठवून साठवण, अशी ही पद्धत. वेळेआधी जन्मलेल्या, हाताच्या पंजाएवढ्या बाळांना याचा फार उपयोग होतो. महापालिकेच्या प्रसूतिगृहांत दूध जमा करण्याची केंद्रे काढून ती ससूनच्या पेढीशी जोडावीत, आणि पुढे स्वतःची पेढी उभारावी. आईच्या दुधाच्या व्यापारी विक्रीला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मे २०२४ मध्ये मनाई केली आहे, त्यामुळे सरकारी पेढ्यांची गरज वाढली आहे.

५. डबे. १९९२ चा बाळदूध पर्याय व दूधबाटली नियमन कायदा, २००३ च्या दुरुस्तीसह, दोन वर्षांखालील बाळांच्या अन्नाची जाहिरात, मोफत नमुने आणि आरोग्यसेवकांना भेटवस्तू यांना बंदी घालतो. खासगी प्रसूतिगृहांची नोंदणी व नूतनीकरण महापालिकाच करते. त्या वेळी या कायद्याच्या पालनाचे हमीपत्र घ्यावे, तपासणीत भिंतीवरची कॅलेंडरे आणि टेबलावरची पेनेसुद्धा पाहावीत, आणि तक्रारीसाठी आरोग्य विभागात एक अधिकारी नेमावा.

यात एक गोष्ट स्पष्ट करतो. ज्यांना औषधोपचारांमुळे, आजारामुळे किंवा खूप प्रयत्न करूनही पाजता आले नाही, त्यांच्यावर बोट ठेवण्यासाठी यातली एकही मागणी नाही. त्यांनाही हाच समुपदेशक आणि वाटी-चमच्याने सुरक्षितपणे वरचे दूध कसे द्यायचे याचे शिक्षण मिळावे. सप्ताहाच्या फलकांवरची "खरी आई" अशा धाटणीची वाक्ये काढून टाकावीत. ती आम्हांला पाहवत नाहीत.

गणेशोत्सव या वर्षी २७ ऑगस्टला सुरू होत आहे. लक्ष्मी रस्ता, बेलबाग चौक आणि मंडईच्या गर्दीत तान्ही बाळे घेऊन आया येतातच. त्या दहा-अकरा दिवसांसाठी तात्पुरते कक्ष उभारणे ही आमची सर्वांत तातडीची मागणी आहे. मंडपवाल्याला एक दिवस लागेल. ही मागणी २५ ऑगस्टपूर्वी पूर्ण व्हावी. आरोग्य कोठ्यांतील आडोसा आणि बंद असलेले कक्ष उघडणे यालाही फार खर्च नाही, ते दोन महिन्यांत व्हावे. समुपदेशकांच्या नेमणुका, पाळणाघरे आणि दुग्धपेढी यांसाठी येत्या अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद असावी.

या सर्व बाबींवर बोलण्यासाठी आपण आम्हांला सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात भेटीची वेळ द्यावी. शिष्टमंडळात सहा-सात जणी असू. बाळे बरोबर आणावी लागतील, ती घरी ठेवून येण्यासारखी नाहीत. तेव्हा बैठकीच्या दालनाशेजारी एक खोली मोकळी ठेवण्यास संबंधितांना सांगावे, ही विनंती.

आपल्या विश्वासू,
पुणे शहरातील स्तनदा माता व त्यांचे कुटुंबीय
(सह्या सोबतच्या पानांवर)