थंडरबर्डचे मारेकरी

फोर्ड थंडरबर्ड कशी मेली, हा विषय निघाला की जुन्या गाड्यांचे भक्त एकमुखाने फोर्डचा तेव्हाचा बडा अधिकारी रॉबर्ट मॅकनमारा याच्यावर घसरतात. 1958 च्या मॉडेलात त्याने मागची सीट घुसवली आणि तिथेच म्हणे गाडीचा आत्मा गेला. पुढे अमेरिकेचा संरक्षणमंत्री झालेल्या त्या माणसाला व्हिएतनामसाठी हवं तेवढं झोडा, मी तुमच्या बाजूने आहे. पण हे पाप त्याचं नव्हे. दोन सीटांच्या थंडरबर्ड 1955 ते 57 या तीन वर्षांत मिळून 53 हजार. चार सीटांच्या, एकट्या 1960 च्या मॉडेलच्या, 92 हजारांवर! बायकापोरांना घरी ठेवून भटकणाऱ्यांच्या हौसेवर कारखाने चालत नाहीत. 'पर्सनल लक्झरी' हा बाजार त्या मागच्या सीटनेच उभा केला. ब्यूकने 1963 ची रिव्हिएरा काढली, ती याच गिऱ्हाइकावर डोळा ठेवून.

खरे मारेकरी नंतर आले. 1972 पासून थंडरबर्ड लिंकन मार्क 4 ची जुळी बहीण झाली आणि सुटतच गेली. तेलटंचाईने पंपांवर रांगा लागल्या होत्या, तेव्हा हिच्या पोटात साडेसात लिटरचं इंजिन! हा नुसता मूर्खपणा होता, तो मी माफ करतो.

1977 ला मात्र माफी नाही. फोर्डने हे नाव उचलून मध्यम आकाराच्या एलटीडी-2 च्या सांगाड्यावर ठोकलं. किंमत अडीच हजार डॉलरहून जास्त उतरवली, आणि आधी गाडीबरोबरच मिळणाऱ्या कितीतरी गोष्टींचे पैसे वेगळे लावले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. खप? 1978 च्या मॉडेलचा साडेतीन लाखांवर, थंडरबर्डचा विक्रम. त्याच वर्षी कंपनीच्या पंचाहत्तरीचं निमित्त काढून 'डायमंड ज्युबिली' आवृत्ती जवळपास दुप्पट भावाने विकली. दारोदार थंडरबर्ड दिसायला लागल्यावर तिच्यात 'पर्सनल' काय उरलं? 1980 मध्ये तर खोकंच आलं, आणि 1982 चा आकडा 45 हजारांवर घसरला.

1983 ची गोलसर, वारा कापणारी गाडी हे प्रामाणिक काम होतं. 1987 मध्ये बिल इलियटने टॅलाडेगाच्या ट्रॅकवर थंडरबर्डच ताशी 342 किलोमीटरने पळवली होती. पण घालवलेली पत अशी परत येत नाही. 1997 मध्ये गाडी बंद झाली.

तरी फोर्डचं समाधान झालं नाही. 2002 साठी 1955 चा मुखवटा चढवून लिंकन एलएसच्या सांगाड्यावरची दोन सीटांची थंडरबर्ड आणली, किंमत 35 हजार डॉलरच्या घरात. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं याहून वेगळं काय असतं? मॅकनमाराला शिव्या घालणाऱ्यांना हवी तीच गाडी मिळाली होती, पण ती 2005 पर्यंतही कशीबशीच तगली.

मस्टँगचं नाव इलेक्ट्रिक एसयूव्हीला लावून झालंच आहे. थंडरबर्डला तरी फोर्डने आता हात लावू नये.