सही कोणाची, हात कोणाचा

वादकाच्या नावाने गिटार काढण्याची, म्हणजे 'सिग्नेचर मॉडेल'ची, प्रथा आता इतकी फोफावली आहे की अमुक एका वादकाच्या नावाची गिटार निघाली या बातमीचे कोणालाच काही वाटेनासे झाले आहे. अशी वाद्ये फार झाली काय, असे विचारले की दोन ठरलेली उत्तरे मिळतात. बाजार आहे, ज्याला हवी तो घेईल, हे एक. हल्ली चार गाणी गाजली की कंपनी करारपत्र घेऊन दारात उभी, हे दुसरे. दुसऱ्या उत्तराशी आम्ही सहमत आहोत. परंतु ते देणारे केवळ संख्येची तक्रार करून थांबतात. या सह्या नेमकी कशाची साक्ष देतात, हे त्यांनी विचारायला हवे होते. आमच्या मते त्यांतील बहुतेक कशाचीच देत नाहीत, आणि ज्यांच्या हातांनी वाद्य घडले त्यांची नावे मात्र झाकून टाकतात.

मराठीच्या अभ्यासकांना हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. संतकाव्यात अभंगाच्या शेवटी येणाऱ्या नाममुद्रेने आपल्या संशोधकांना किती छळले आहे हे आपण जाणतो. विष्णुदास नाम्याच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या आणि त्या वेगळ्या काढता काढता विद्वानांच्या नाकी नऊ आले. कोण्या अनामिकाने स्वतःचा अभंग मोठ्या नावाखाली दडवला असेल, तर त्यामागे बहुधा भक्ती होती. निदान आपण तसे मानतो. गिटारीच्या बाजारातही मोठे नाव दुसऱ्याच्या कामावर बसते. येथे ते बसवणारा विक्री विभाग असतो आणि प्रत्येक नगामागे नावाच्या धन्याला मानधन पोचते, एवढाच फरक.

प्रथा मुळात वाईट नव्हती. १९२०च्या दशकात गिब्सन कंपनीने निक लुकास या गायक-वादकाच्या नावाने गिटार काढली, ती त्याच्या पसंतीप्रमाणे नेहमीपेक्षा खोल धडाची होती. १९५२मध्ये लेस पॉल याचे नाव ज्या वाद्यावर आले, त्याच्या रचनेत त्याचा वाटा किती आणि कंपनीचा प्रमुख टेड मकार्टी व त्याचे कारागीर यांचा किती, हा वाद मिटलेला नाही. पण लेस पॉल याने त्याच्या कितीतरी आधी एका लाकडी ठोकळ्याला तारा लावून भरीव धडाची गिटार स्वतः जुळवली होती, यात शंका नाही. १९६१मध्ये कंपनीने त्याच्या नावाच्या वाद्याला पातळ, दोन शिंगांचे नवे रूप दिले. ते त्याला रुचले नाही. करार संपण्याचीही वेळ आली होती. थोड्याच काळात त्याचे नाव उतरले आणि ते वाद्य 'एसजी' या नावाने विकले जाऊ लागले. म्हणजे त्या काळी सही मागे घेता येत असे, कारण तिला काही अर्थ होता.

नंतरच्या काळातही अशी उदाहरणे आहेत. कर्ट कोबेन याने फेंडर कंपनीच्या जॅग्वार आणि मस्टँग या दोन गिटारींची छायाचित्रे कापून एकमेकांना चिकटवली आणि मला असे वाद्य हवे म्हणून कळवले. त्यातून 'जॅग-स्टँग' निघाली. स्टीव्ह व्हाय याच्यासाठी इबानेझने १९९०मध्ये सात तारांची गिटार बाजारात आणली, आणि काही वर्षांत कॉर्नसारख्या वाद्यवृंदांनी तिच्या खर्जाच्या तारेवर जड संगीताची एक नवी तऱ्हाच उभी केली. वादकाच्या एका मागणीने दुसऱ्या पिढीच्या संगीतात बदल घडला. अशा वाद्यावर त्याचे नाव का नसावे? जरूर असावे.

आता दुसरी बाजू पाहा. एडी व्हॅन हेलन या वादकाला दुकानात मिळणारी कोणतीच गिटार पटेना, म्हणून त्याने स्वस्तात सुटे भाग मिळवले, लाकूड स्वतः कोरले, रंगाच्या फवाऱ्याने पट्टे ओढले आणि आपले वाद्य उभे केले. त्याचे नाव 'फ्रँकेनस्टाइन'. २००७मध्ये फेंडरने त्याच्या ३०० प्रतिकृती काढल्या, किंमत प्रत्येकी २५,००० डॉलर. त्यांत सिगारेटच्या चटक्यांचे डाग होते, ओरखडे होते आणि मूळ वाद्यावर स्क्रूने ठोकलेले १९७१चे पाव डॉलरचे नाणेही होते. आपले वाद्य आपण घडवावे, असे सांगणाऱ्या एका गॅरेजातल्या बंडाची ही गुळगुळीत पुनर्मुद्रित आवृत्ती, तीही शाईच्या डागांसह! एरिक क्लॅप्टन याने तीन जुन्या गिटारींचे भाग एकत्र करून बनवलेल्या 'ब्लॅकी'चीही अशीच गत झाली. मूळ वाद्य २००४मध्ये लिलावात ९,५९,५०० डॉलरला गेले आणि २००६मध्ये तिच्या २७५ प्रतिकृती निघाल्या.

सर्वांत बोलके उदाहरण जिमी हेंड्रिक्सचे. तो डावखुरा होता आणि उजव्या हातासाठी बनवलेली साधी, कारखान्यातून निघालेली गिटार उलटी धरून वाजवीत असे. १९७०मध्ये तो वारला. १९९७मध्ये फेंडरने त्याच्या स्मरणार्थ जी गिटार काढली, ती डावखुऱ्यांसाठीची होती, तारा मात्र उजव्या हाताने वाजवणाऱ्यासाठी लावलेल्या, आणि माथ्यावरील कंपनीचे नाव उलट्या अक्षरांत छापलेले. हेतू असा की विकत घेणारा आरशासमोर उभा राहिला, की त्याला आपण हेंड्रिक्स दिसावे. या प्रथेचे याहून नेमके वर्णन कोणत्याही टीकाकाराला साधले नसते. ज्याने आपल्या हातांसाठी न बनवलेल्या वाद्याशी झगडून नवा स्वर काढला, त्याच्या नावाने आरसा विकला गेला.

(मुलांच्या चित्रजगतातील 'हॅलो किटी' या मांजरीच्या नावाचीही एक गिटार याच दुनियेत निघाली होती. तिला एकच पिकअप आणि आवाजाची एकच चावी होती. तिने कोणताही आव आणला नाही, म्हणून आम्हांला ती त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटते.)

मग घडवणारे कोण? आजवर सर्वाधिक नकलल्या गेलेल्या गिटारींत जिची गणना होते, ती फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४मध्ये बाजारात आली. लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवीत नसे. तिच्या धडाची आकृती रेखाटली फ्रेडी तव्हारेस या हवाईहून आलेल्या वादकाने. आधीच्या गिटारीच्या कडा बरगड्यांना टोचतात, ही तक्रार रेक्स गॅलियन आणि बिल कार्सन या वादकांनी लावून धरली, म्हणून तिचे धड अंगाला बसेल असे तासले गेले. त्या काळी यांपैकी एकाचेही नाव त्या वाद्यावर आले नाही. पुढे १९८८पासून त्याच वाद्यावर इतरांच्या सह्या मात्र एकामागून एक पडू लागल्या. क्लॅप्टनची त्यांत पहिली. तिच्यात विद्युतरचनेचा काही वेगळा विचार तरी होता. नंतरच्या कित्येकांत रंग आणि माथ्यावरची सही यांखेरीज फारसे काही सापडत नाही.

त्याच कारखान्यात १९५०च्या दशकात टाडेओ गोमेझ नावाचा कारागीर गिटारीची मान तासून घडवीत असे. धडाला जोडल्यावर मानेचे जे टोक कायमचे झाकले जाते, तेथे तो पेन्सिलीने आपली आद्याक्षरे आणि तारीख लिही. वाद्य उकलले तरच ती दिसतात. ॲबिगेल इबारा १९५६मध्ये तेथे कामाला लागली. पिकअप, म्हणजे तारेचे कंपन विजेच्या लहरीत बदलणारा भाग. त्याभोवती केसाएवढी बारीक तांब्याची तार हजारो वेढ्यांनी गुंडाळण्याचे काम ती करी. विद्युत गिटारीचा स्वर बऱ्याच अंशी येथे ठरतो. ऐकणाऱ्यांनी त्या स्वराचे श्रेय मंचावरच्या माणसाला दिले. पुष्कळ वर्षांनी कंपनीने तिच्या हातचे पिकअप तिच्या नावानिशी विकायला सुरुवात केली. २०१३मध्ये ती निवृत्त झाली. आमच्या लेखी तिची सही ही खरी सही.

आपल्याकडे वाद्यांच्या नावांचा व्यवहार कसा आहे? सतारीत 'रविशंकर पद्धतीची' आणि 'विलायत खाँ पद्धतीची' असा भेद केला जातो, पण तो तारांच्या मांडणीतील खऱ्या फरकावर उभा आहे, आणि वाद्यावरील नाव सामान्यतः बनवणाऱ्या घराचे असते. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे संरक्षण लाभले ते कारागिरांच्या गावाच्या नावाला. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीला चिकारीच्या आणि तरफेच्या तारा जोडून तिला 'मोहनवीणा' म्हटले, तेव्हा वाद्यात खरोखरच काही नवे आले होते. आपल्याकडे कारागिरांचे सगळे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. निदान कोणत्या नावाने काय सांगावे, याची काही रीत येथे शिल्लक आहे.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. बॉनी रेट ही फेंडरची स्वनामांकित गिटार मिळवणारी पहिली स्त्री, साल १९९५. पुरुषांच्या या जगात स्त्रियांची नावे आता कुठे माथ्यावर येऊ लागली, आणि नेमकी याच वेळी तुम्हांला संख्या खुपते? आक्षेप रास्त आहे. आमचे उत्तर २०१६च्या एका गिटारीत आहे. सेंट व्हिन्सेंट या वादिकेने म्युझिक मॅन कंपनीसाठी स्वतः आकार आखला: वजनाला हलका, मधोमध निमुळता, स्त्रीच्या शरीराची आठवण ठेवणारा. आमच्या कसोटीला ती गिटार उतरते, आणि पुरुषांच्या बहुसंख्य गिटारी उतरत नाहीत. कसोटी कडक केली तर नुकसान कोणाचे होईल, हे यावरून उघड आहे.

आमची मागणी साधी आहे. वादकाच्या नावाने वाद्य निघाले, तर त्याने त्यात काय बदलले ते एका वाक्यात वाद्यासोबत छापावे; वाक्य सुचत नसेल, तर नाव काढावे. आणि मान कोणी तासली, पिकअप कोणी गुंडाळले, हेही तेथेच लिहावे. चित्रपटाच्या अखेरीस प्रकाशयोजनेतल्या शेवटच्या मदतनिसाचे नावही पडद्यावरून सरकते. गिटारीच्या माथ्यामागे दोन ओळींपुरती जागा नक्कीच असते.