पानांचा झगा म्हणजे आदिवासी पोशाख नव्हे



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाची तयारी सुरू होते. कोळी नृत्य, शेतकरी नृत्य आणि त्यात एक ‘आदिवासी नृत्य’ बहुतेक ठिकाणी ठरलेलंच. मग पालकांना निरोप जातो: पानांचा नाहीतर गोणपाटाचा झगा, डोक्याला पिसं, अंगाला काळा रंग, हातात भाला. पाच मिनिटं आरडाओरडा होतो आणि टाळ्या पडतात.

हा पोशाख नेमका कोणत्या जमातीचा? वारली, कोकणा, भिल्ल, गोंड, ठाकर, कातकरी, यांपैकी पानं गुंडाळून आणि काळं फासून कोणीच राहत नाही. प्रत्येकाचं नेसणं वेगळं, दागिने वेगळे. नंदुरबारकडच्या सातपुड्यात होळीला पुरुष पिसांचे उंच टोप घालतात, अंगावर राखेची नक्षी काढतात, हे खरं. पण त्यामागे नवस असतो, पाळणूक असते. ती हौसेची सजावट नव्हे.

कोळी नृत्य बसवताना आपण किती काळजी घेतो! लुगडं नेसवायला माहीतगार बाई शोधतो, कारण चुकलं तर बघणाऱ्यांत कोणी ना कोणी हसेल. मग आदिवासी पोशाखाच्या वेळी ही धास्ती का वाटत नाही? कारण चूक दाखवणारं माणूस समोर बसलेलंच नसतं.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात खेड, चिपळूण, मंडणगडसारख्या तालुक्यांत कातकरी वाड्या आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. दिवाळीनंतर यांतली अनेक कुटुंबं वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर कामाला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलंही बरोबर जातात. म्हणजे मंचावर ‘आदिवासी’ नाचत असतो, तेव्हा वर्गातल्या खऱ्या आदिवासी मुलाची जागा रिकामी असते. मला हे सगळ्यात जास्त बोचतं.

कोणी म्हणेल, “अहो, मुलांची हौस ती! अपमान करायचा हेतू थोडाच असतो?” हेतू नसतो, मान्य. पण आदिवासी म्हणजे रानटी, हे मूल तिथेच शिकतं. मग जूनमध्ये शेजारी येऊन बसलेल्या कातकरी मुलाकडे ते कोणत्या नजरेनं बघेल?

मग काय करता येईल?

१. जमातीचं नाव घ्या. ‘आदिवासी ड्रेस’ असं मोघम नको. नाव सांगता येत नसेल तर तो नाच बसवूच नये.

२. वाडीवर जाऊन विचारा. एखाद्या आजीला मानानं शाळेत बोलवा. लुगडं कसं नेसतात, कामाला कसं खोचतात, हे त्याच सांगतील. त्या ‘नको’ म्हणाल्या तर तेही ऐकायचं.

३. दिवस बदला. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ साली ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन ठरवला. तेव्हा पावसाळ्यामुळे भट्ट्या बंद असतात, कुटुंबं घरी असतात आणि मुलं शाळेत.

४. “तू कातकरी ना, मग तूच घाल” असं कुठल्याही मुलाला म्हणू नका. पोशाख घालायचा की नाही, हे त्याचं आणि त्याच्या घरच्यांचं.

५. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह आणि शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. दिवाळीआधीच पालकांशी त्याबद्दल बोला.

पालकांनीही पानांचा झगा शिवायला घेण्याआधी बाईंना एवढंच विचारावं: “बाई, हा कोणाचा पोशाख?” उत्तर मिळालं तर मुलाला एक गोष्ट नवीन कळेल. नाही मिळालं, तर झगा न शिवलेलाच बरा.

पोशाखाचा मान राखायचा तर आधी तो नेसणाऱ्या माणसाला ओळखायला हवं. आणि त्याचं मूल डिसेंबरातही आपल्या वर्गात दिसायला हवं.