बोनेअरला गाडी घेताना नुसतं भाडं बघू नका

कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटावर डायव्हिंगला बोट लागतेच असं नाही. रस्त्याकडेला जागेचं नाव लिहिलेला पिवळा दगड दिसला की गाडी थांबवायची, सिलिंडर पाठीवर घ्यायचा आणि चालत पाण्यात उतरायचं. म्हणजे गाडी हीच तुमची बोट.

वर्गात मी 'भाव वेगळा, खर्च वेगळा' असं शिकवतो. आणि तिथे आम्ही चौघं गेलो तेव्हा स्वतःच स्वस्तातली छोटी कार घेतली! तिसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या सीट खाऱ्या पाण्याने भिजल्या. परत करताना साफसफाईचं बिल आलं, वाचवलेले पैसे तिथेच गेले. माझं स्पष्ट मत: मुलं बरोबर असतील तर चार दारांची पिकअपच घ्या. ओलं सामान मागे, माणसं आत.

आणि हो, पाण्यात जाताना गाडीत काहीही ठेवू नका. तिथे बरेच जण गाडी लॉकच करत नाहीत, काचा खाली ठेवतात, म्हणजे चोर काच फोडत नाही. आपल्याला हे पचत नाही, माहितीये मला! म्हणून विम्यात काच आणि टायर धरलेत का, ते सही करण्याआधी विचारा. पिकअप बऱ्याचदा गिअरच्या असतात, चालवायच्या रस्त्याच्या उजव्या बाजूने. घरातलं कोण चालवणार, ते इथूनच ठरवून निघा.